अँटोनियो ते अँगोला : एका घराण्याचा माग

१६२५च्या सुरुवातीला व्हर्जिनिया वसाहतीत घरोघर फिरून शिरगणती घेण्यात आली. माणूस कोण, वय काय, कोणत्या जहाजाने कधी आला, घरात मका किती, बंदुका किती, गुरं-डुकरं किती, असा सगळा तपशील त्या यादीत आहे. वसाहतीत तेव्हा जेमतेम बाराशे माणसं होती आणि त्यांत आफ्रिकी होती २३. इंग्रजांची नावं आडनावासकट आणि बऱ्याचदा वयासकट लिहिली गेली. या तेवीस जणांतल्या बहुतेकांचं नुसतं पहिलं नाव आलं, काहींचं तर तेही नाही. जेम्स नदीच्या दक्षिण काठावर एडवर्ड बेनेट या व्यापाऱ्याचा तंबाखूचा मळा होता. त्या मळ्याच्या नोंदीत अशी दोन नावं सापडतात. एक अँटोनियो, ‘निग्रो’, १६२१ साली ‘जेम्स’ जहाजातून आलेला. दुसरी मेरी, ‘निग्रो बाई’, १६२२ साली ‘मार्गरेट अँड जॉन’ जहाजातून आलेली. गाव नाही, वय नाही, आईबाप नाहीत. तरीही या दोन ओळींपासून सुरू झालेल्या कुटुंबाचा माग तिसऱ्या पिढीपर्यंत काढता येतो. सतराव्या शतकातल्या आफ्रिकी कुटुंबाच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

अमेरिकेत पूर्वज शोधण्याचा नाद मोठा आहे आणि तो जुनाही आहे. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १६२० साली प्लिमथला उतरलेल्यांच्या वंशजांची संस्था १८९७ पासून चालू आहे. एकेका प्रवाशाच्या पहिल्या पाच पिढ्या पुराव्यानिशी मांडणारे ग्रंथ ती छापते. कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध मात्र बहुधा १८७०पाशी येऊन थांबतो. गुलामगिरी संपल्यानंतरची ती पहिली जनगणना. त्याआधीच्या १८५० आणि १८६०च्या याद्यांत मालकाचं नाव आहे आणि त्याखाली गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. अभ्यासक याला ‘१८७०ची भिंत’ म्हणतात. ही भिंत जणू काळाच्या ओघात आपोआप उभी राहिली, कागद जुने झाले, हरवले, असं समजण्याचा कल असतो. अँटोनियोच्या घराण्याचे दस्त क्रमाने वाचले तर वेगळं दिसतं. माणूस कागदावर येतो तो जमिनीचा धनी म्हणून, फिर्यादी म्हणून, साक्षीदार म्हणून, करदाता म्हणून किंवा दुसऱ्याची मालमत्ता म्हणून. त्याने कोणत्या नात्याने कागदावर यायचं, हे कायदा ठरवतो. १६५०च्या सुमारास जी दारं या कुटुंबाला उघडी होती ती पुढच्या अर्धशतकात एकेक करून बंद करण्यात आली. घराणं कागदावरून पुसलं गेलं त्याचं कारण तिथे आहे. वंशाचा माग काढणाऱ्याने नावांच्या यादीइतकंच कायद्याच्या पुस्तकाकडे लक्ष दिलं पाहिजे, असं मी म्हणतो ते यासाठी.

आधी आयुष्य पाहू. २२ मार्च १६२२ रोजी तिथल्या मूळ रहिवासी पौहाटन लोकांनी वसाहतीवर एकाच वेळी ठिकठिकाणी हल्ला केला आणि ३४७ माणसं मारली. बेनेटच्या मळ्यावर तर थोडकेच जिवंत राहिले. अँटोनियो तेव्हा तिथेच असला, तर तो त्या थोडक्यांतला एक. पुढे त्याने मेरीशी लग्न केलं. दोघं चेसापीक खाडीपलीकडच्या ईस्टर्न शोअरवर, नॉर्थॅम्प्टन काउंटीत, गेली, स्वतंत्र झाली, गुरं पाळू लागली. सुटका नेमकी कशी झाली याचा कागद नाही, पण १६४०च्या दशकात अँथनी जॉन्सन या नावाने व्यवहार होताना दिसतात. १६५१ साली त्याला २५० एकरांची सनद मिळाली. वसाहतीत माणूस आणण्याचा खर्च जो करील त्याला माणशी ५० एकर, असा ‘हेडराइट’चा नियम होता, अँथनीने पाच नावं दाखवली. त्याच्याकडे पाच नोकर होते, असा अर्थ मात्र त्यातून लगेच काढू नये. हे हक्क बाजारात विकले जात, आणि त्या पाचांत एक नाव रिचर्ड जॉन्सन आहे, जो बहुधा त्याचाच मुलगा. पुढच्या दोन-तीन वर्षांत थोरला मुलगा जॉन याला ५५० एकर मिळाले आणि रिचर्डला १००, दोन्ही बापाच्या जमिनीला लागून.

१६५३ साली या कुटुंबाला आग लागून मोठं नुकसान सोसावं लागलं आणि त्यांनी काउंटीच्या कोर्टाकडे अर्ज केला. त्यावरचा हुकूम सावकाश वाचण्यासारखा आहे. नवरा-बायको तीस वर्षांहून अधिक काळ या वसाहतीत राहत आहेत, त्यांची मेहनत सर्वांना ठाऊक आहे, असं नमूद करून कोर्टाने मेरी आणि तिच्या दोन मुलींची डोईपट्टी जन्मभरासाठी माफ केली. आगीने झालेल्या नुकसानीची भरपाई, एवढंच त्यात पाहिलं तर चूक होईल. दहा वर्षांपूर्वी, १६४३ साली, व्हर्जिनियाने शेतात राबणाऱ्या पुरुषांप्रमाणे आफ्रिकी स्त्रियांवरही डोईपट्टी बसवली होती. इंग्रज शेतकऱ्यांच्या बायका-मुलींना ती नव्हती. म्हणजे कोर्टाने या तिघींना त्या एका बाबतीत इंग्रज शेजारणींच्या पंक्तीला बसवलं. १६६८ साली विधिमंडळाने कायदाच केला, की निग्रो स्त्री स्वतंत्र असली तरी तिला इंग्रजांच्या सगळ्या सवलती मिळणार नाहीत आणि तिने डोईपट्टी भरलीच पाहिजे. मधल्या पंधरा वर्षांत काय फिरलं ते या दोन कागदांत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कागदांच्या नशिबाचा. नॉर्थॅम्प्टनची कोर्टदप्तरं १६३२ पासून सलग टिकली आहेत. अमेरिकेतली ही सर्वांत जुनी अखंड काउंटी-दप्तरं. याउलट व्हर्जिनियातल्या कितीतरी काउंट्यांची दप्तरं नाहीशी झाली. यादवी युद्धात काहींनी ती सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली आणि ३ एप्रिल १८६५च्या आगीत ती तिथेच जळाली. मग जॉन्सन घराणं आपल्याला दिसतं ते केवळ एका कपाटाला वाळवी लागली नाही म्हणून, असं का म्हणू नये? आक्षेप निम्मा खरा आहे. इतर काउंट्यांत अशी किती कुटुंबं होती हे राखेतून शोधता येत नाही. पण हाच आक्षेप माझ्या म्हणण्याला बळ देतो. ईस्टर्न शोअरवर दप्तर १६५० सालचंही टिकलं आणि १७२० सालचंही. कागद सारखाच टिकलेला असताना त्यात स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाचं स्थान बदलत जातं. आधी तो जमीन घेतो, गुरांचा सौदा करतो, फिर्याद लावतो. नंतर तो करचुकवेपणाच्या, दंडाच्या, मूल दुसऱ्याच्या घरी बांधून देण्याच्या नोंदींत भेटू लागतो. हा बदल आगीने घडवलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. १६२५चा अँटोनियो आणि १६५१चा अँथनी जॉन्सन ही एकच व्यक्ती कशावरून? या नावाची माणसं तेव्हा बरीच होती. पोर्तुगीजांच्या अंमलाखाली किंवा त्यांच्या संपर्कात बाप्तिस्मा झालेल्या आफ्रिकी माणसाचं अँटोनियो हे सर्रास नाव. त्याच १६२५च्या शिरगणतीत कॅप्टन विल्यम टकरच्या घरी अँटनी, इझाबेला आणि त्यांचा बाप्तिस्मा झालेला मुलगा विल्यम आहेत; हॅम्प्टनमधलं एक टकर घराणं स्वतःला त्या विल्यमचे वंशज मानतं, ते परंपरेच्या आधारावर, कारण सुरुवातीच्या पिढ्या जोडणारे दस्त मिळालेले नाहीत. १६३०च्या दशकातल्या जॉर्ज मेनिफीच्या हेडराइट-यादीत तर ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्या तरी किनाऱ्यावरून तिथवर पोचलेला एक टोनीही होता. १६४५ साली नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टात एका ‘निग्रो अँथनी’चे उद्गार नोंदले गेले. कॅप्टन टेलरबरोबरच्या मक्याच्या शेताची वाटणी झाली, आता स्वतःची जमीन कोणती हे मला कळलं, मनाला येईल तेव्हा राबेन आणि मनाला येईल तेव्हा बसेन, अशा आशयाचे. हे उद्गार अँथनी जॉन्सनचेच, असं काही इतिहासकार धरतात. काहींना ते दुसऱ्या अँथनीचे वाटतात. वाक्य कितीही मोहात पाडणारं असलं तरी मी ते त्याच्या चरित्रात बसवणार नाही. मुख्य ओळख मात्र त्या वाक्यावर उभी नाही. ती उभी आहे मेरी या पत्नीच्या नावावर आणि १६५३च्या हुकुमातल्या ‘तीस वर्षांहून अधिक’ या मुदतीवर. १६२२ मध्ये तीस मिळवा, म्हणजे बेनेटच्या मळ्यावरच्या जोडीचा काळ १६५३च्या हुकुमाशी जुळतो. गणिती खात्री ही नव्हे, पण सतराव्या शतकातल्या कित्येक इंग्रज पूर्वजांची ओळख याहून कमी पुराव्यावर मान्य झाली आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि तो आक्षेपापेक्षा हत्यार म्हणून वापरला जातो. अमेरिकेतला पहिला गुलाममालक कृष्णवर्णीय होता, असं म्हणून अँथनी जॉन्सनचं नाव पुढे केलं जातं. याच्यामागे जॉन कॅझरचा खटला आहे. १६५४ साली कॅप्टन गोल्डस्मिथ काही कामासाठी जॉन्सनच्या घरी गेला, तेव्हा तिथल्या कॅझर या आफ्रिकी नोकराने त्याला गाठून सांगितलं, की मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो, मुदत उलटून गेली, तरी मालक सोडत नाही. जॉन्सनने उत्तर दिलं, की असा करार मी कधी पाहिलेला नाही, हा जन्मभरासाठी माझा आहे. शेजारी रॉबर्ट पार्करने कॅझरची बाजू घेतली आणि त्याला आपल्याकडे नेलं. गोल्डस्मिथच्या जबानीनुसार घरच्यांनी जॉन्सनचं मन वळवलं: पत्नी, दोन मुलगे आणि जावई. याला सोडा, नाहीतर पार्करच्या मदतीने तो तुमच्या गाईंवर हक्क सांगेल, अशी भीती त्यांनी घातली. जॉन्सनने सोडलं, मग पुन्हा विचार बदलला आणि कोर्टात गेला. मार्च १६५५ मध्ये कोर्टाने कॅझरला परत जॉन्सनकडे द्यायला आणि खटल्याचा खर्च पार्करने भरायला सांगितलं.

जॉन्सनने केलं ते झाकण्याचं कारण नाही. स्वतः बांधलेपण भोगलेल्या माणसाने दुसऱ्याला जन्मभर बांधून घेतलं, आणि कॅझरच्या शब्दावर कोर्टाने विश्वास ठेवला नाही. पण ‘पहिला’ हा दावा कागदापुढे टिकत नाही. त्याच्या पंधरा वर्षं आधी, जुलै १६४० मध्ये, ह्यू ग्विनचे तीन नोकर मेरीलँडला पळाले आणि पकडले गेले. व्हिक्टर हा डच आणि जेम्स ग्रेगरी हा स्कॉट, यांना फटके आणि काही वर्षांची वाढीव चाकरी झाली. तिसरा जॉन पंच हा आफ्रिकी. गुन्हा तोच, पण त्याला शिक्षा झाली आयुष्यभर सेवा करण्याची. १६१९च्या ऑगस्टमध्ये ‘व्हाइट लायन’ जहाजाने पॉइंट कम्फर्टला ‘वीसहून काही अधिक’ आफ्रिकी उतरवले, तेही पोर्तुगीज गुलामजहाजावरून लुटून आणलेले आणि अन्नधान्याच्या बदल्यात दिलेले. जन्मभराची चाकरी जॉन्सनच्या दारात उगवली नाही, ती आधीपासून होती. कॅझरच्या खटल्यातून जे खरोखर सिद्ध होतं ते असं, की १६५५ साली एक आफ्रिकी माणूस इंग्रज शेजाऱ्याविरुद्ध दिवाणी कोर्टात उभा राहू शकत होता आणि जिंकू शकत होता. त्याच वर्षी त्याने जिंकलेला हक्क दुसऱ्या आफ्रिकी माणसाच्या स्वातंत्र्यावरचा होता, ही त्या काळाची बीभत्स बाजू. पुढच्या पन्नास वर्षांत जॉन्सनसारख्यांचा कोर्टात साक्ष देण्याचा हक्क गेला आणि कॅझरसारख्यांची स्थिती बहुतेकांच्या वाट्याला आली. जॉन्सनच्या उदाहरणाने गुलामगिरीवरचा वर्णाचा शिक्का पुसू पाहणारे नेमकी ही पन्नास वर्षं गाळतात.

१६६५ साली कुटुंब मेरीलँडच्या बाजूला गेलं आणि तिथे पुढे सॉमरसेट काउंटी झालेल्या भागात ३०० एकर भाडेपट्ट्याने घेऊन राहिलं. त्या शेताचं नाव टोनीज व्हिनियार्ड. १६७० मध्ये अँथनी वारला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात एका ज्यूरीपुढे प्रश्न आला, की तो मेरीलँडला जाताना मुलगा रिचर्डच्या नावे ठेवून गेला ती ५० एकर जमीन कोणाची. ज्यूरीने निवाडा दिला, की अँथनी जॉन्सन निग्रो होता, त्यामुळे परका होता, सबब जमीन सरकारजमा. जिवंत असताना त्याला सनद देताना, त्याचे खटले चालवताना, त्याच्या बायको-मुलींची पट्टी माफ करताना तो कोणालाच परका वाटला नव्हता. तो मेल्यावर त्याला परका ठरवण्यात आलं, जेव्हा उत्तर द्यायला तो उरला नव्हता. वारसाहक्कावर घाव घालायचा तर असाच घालतात. एका माणसाची जमीन जाते त्याने तो गरीब होतो. बापाची जमीन मुलाला पोचू शकत नाही असं एकदा ठरलं की पुढच्या पिढीचं नाव लिहिण्याचं कारणच उरत नाही.

मेरीने मेरीलँडमधला भाडेपट्टा पुढे चालवला, आणि १६७२ साली तीन नातवंडांना एकेक गाय लिहून दिली. आपल्याला नातवंडांची नावं कळतात ती अशा गाईंमुळे. १६७७ साली नातू धाकटा जॉन जॉन्सन याने ४४ एकर जमीन विकत घेतली आणि तिला नाव दिलं अँगोला. आसपासचे इंग्रज आपल्या शेतांना विलायतेतल्या गावांची नावं देत होते. या मुलाने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या देशाचं दिलं. तो अमेरिकेत जन्मला, त्याचा बापही अमेरिकेत जन्मला असणार. आजोबांना आणून पन्नासहून अधिक वर्षं झाली होती. आजोबा कुठले, हे शिरगणतीच्या कारकुनाने विचारलं नव्हतं. नातवाने ते जमिनीच्या दस्तात नोंदवलं. घरात बोललं गेलेलं सरकारी कागदात असं क्वचितच उतरतं. १६१९ नंतरच्या काही वर्षांत व्हर्जिनियाला आलेले आफ्रिकी बहुतेक अँगोलाच्या परिसरातले होते, हे इतिहासकारांनी पोर्तुगीज आणि स्पॅनिश कागदांवरून १९९०च्या दशकात दाखवलं. शेताचं नाव त्याच्याशी जुळतं. घराण्यातल्या आठवणीवर आंधळा विश्वास ठेवू नये हे खरं, पण ती स्वतंत्र पुराव्याशी अशी जुळते तेव्हा तिला पुराव्याचाच मान द्यायला हवा.

धाकटा जॉन वारस न ठेवता गेला आणि १७३०च्या सुमारास हे घराणं दप्तरातून दिसेनासं होतं, असं सर्वसाधारणपणे लिहिलं जातं. वंश खुंटला, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. दरम्यानचे कायदे डोळ्यांखाली घालावेत. १६६२ : व्हर्जिनियात मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईच्या स्थितीवरून ठरेल; इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाचं धरलं जाई, तो रिवाज इथे मुद्दाम उलटवला. १६७० : स्वतंत्र निग्रोने, तो ख्रिस्ती असला तरी, ख्रिस्ती नोकर विकत घ्यायचा नाही. १६९१ : गुलामाला मुक्त करायचं तर सहा महिन्यांत वसाहतीबाहेर पाठवायचं. १७०५ : निग्रो आणि मिश्रवर्णीयांची कोर्टात साक्ष चालणार नाही. १७२३ : मत नाही. मेरीलँडने १६६४ पासूनच जन्मभराची गुलामगिरी कायद्यात बसवली होती आणि १७१७ साली गोऱ्यांविरुद्धची कृष्णवर्णीयांची साक्ष बाद केली. ज्याला फिर्याद लावण्यात अर्थ उरलेला नाही, साक्ष देता येत नाही, जमीन पुढे देण्याची शाश्वती नाही, त्याचं नाव काउंटीच्या वहीत कशाला येईल? ‘दिसेनासं होणं’ म्हणताना क्रियापदाचा कर्ता लपतो. इथे कर्ता विधिमंडळ आहे, तारखेनिशी.

आता कागदाची गरजच काय, डीएनए आहे ना, असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर जॉन पंचच्याच वंशात आहे. पंचचे वंशज मानल्या जाणाऱ्या व्हर्जिनियातल्या बंच घराण्यातले पुरुष पिढ्यानपिढ्या गोरे गणले गेले. त्यांच्या पितृवंशाच्या डीएनए-चाचणीत मूळ आफ्रिकी निघालं. २०१२ साली वंशशोधाच्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या अभ्यासकांनी जाहीर केलं, की बराक ओबामा हे त्यांच्या गोऱ्या आईकडून बहुधा जॉन पंचचे वंशज आहेत. इथे डीएनएने दिशा दाखवली आणि ती मोलाची होती. पण आफ्रिकी पूर्वजाचं नाव पंचच होतं, हे रक्ताने सांगितलं नाही. ते १६४०चा निवाडा, जमिनीच्या सनदा आणि आडनावांचा ताळा यांवरून काढलेलं अनुमान आहे, आणि अभ्यासकांनीही ते शक्यतेच्या भाषेतच मांडलं. शिवाय बंच मंडळींचा माग लागला तो त्यांचे पूर्वज स्वतंत्र राहिले म्हणून. ते स्वतंत्र राहिले ते १६६२च्या कायद्यात बसणाऱ्या कारणाने, म्हणजे आई स्वतंत्र, बहुधा गोरी, होती म्हणून. पॉल हाइनेग यांनी व्हर्जिनिया, कॅरोलायना, मेरीलँड आणि डेलावेअरमधल्या स्वतंत्र आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या. वसाहतकाळात स्वतंत्र असलेली बहुतेक कुटुंबं गोऱ्या नोकर स्त्रिया आणि आफ्रिकी पुरुष यांच्या संबंधांतून आलेली आहेत, हे त्यांनी त्यातून दाखवून दिलं. अशा स्त्रीला १६९१च्या कायद्याने पंधरा पौंड दंड किंवा पाच वर्षं चाकरी, आणि तिच्या मुलाला तिसाव्या वर्षापर्यंत बांधून घेणं, अशी शिक्षा होती. त्या शिक्षांच्या नोंदी टिकल्या. आज अनेक कुटुंबांना आपली पहिली आजी सापडते ती तिच्यावरच्या दंडाच्या ओळीत.

म्हणून जॉन्सन घराण्याचं उरलेलं काम मुलग्यांच्या नव्हे तर मुलींच्या बाजूने व्हायला हवं. १६५३च्या हुकुमात मेरीच्या दोन मुली आहेत. १६५७ साली डेबेंडान्बा या स्थानिक आदिवासी प्रमुखाने अँथनीची मुलगी जोन हिला १०० एकर जमीन दिल्याचा दस्त आहे. तो प्रमुख तिला जमीन का देतो, दोन कुटुंबांत कोणतं नातं होतं, हे विचारण्यासारखं आहे. आणि गोल्डस्मिथच्या जबानीत सासऱ्याला समजावणारा जावई आहे, ज्याचं नाव कारकुनाने लिहिलं नाही. म्हणजे १६५४पर्यंत निदान एका मुलीचं लग्न झालेलं होतं, तिचं आडनाव बदललेलं असणार, आणि ती स्वतंत्र स्त्री असल्यामुळे १६६२च्या कायद्याने तिची मुलंही जन्मतः स्वतंत्र होती. ‘जॉन्सन’ हे आडनाव शोधत जाणाऱ्याला ती मुलं कधीच दिसणार नाहीत. ती शोधायची तर ईस्टर्न शोअरच्या १६६० नंतरच्या करपात्र माणसांच्या याद्या, पॅरिशच्या वह्या आणि गुरांच्या कानखुणांच्या नोंदी वेगवेगळ्या आडनावांखाली ताडून पाहाव्या लागतील. या वह्या ईस्टविलच्या कोर्टात आणि रिचमंडच्या राज्य ग्रंथालयात आजही वाचायला मिळतात.